‘सीएमडीलाइन-टूल्स सापडत नाहीत’: फ्लटरच्या मांडणीत अडकले आहे, मार्गदर्शन हवे

राजेंद्रनगरी (इंदूर), धागाकर्ती

नमस्कार. आमच्या राजेंद्रनगर भागातील एका छोट्या मराठी वाचनालयासाठी मी फ्लटर या ॲप बांधण्याच्या संचातून मोबाइल ॲप तयार करीत आहे. हवे असलेले पुस्तक कपाटात आहे की कोणाकडे गेले आहे, आणि आपल्याकडचे पुस्तक कधी परत करायचे आहे, एवढे सभासदांना घरबसल्या कळावे, हाच त्याचा हेतू आहे. दिवसा मी हिशेबाचे काम करते आणि प्रोग्रॅमिंग रात्री बसून स्वतःच शिकत आले आहे. त्यामुळे मुळात माझ्याच हातून काही चुकले असेल, असे धरूनच विचारते.

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. फ्लटर आणि अँड्रॉइड स्टुडिओ (अँड्रॉइड ॲप लिहिण्याचे साधन) हे दोन्ही बसवलेले आहेत आणि एम्युलेटरही (संगणकावरचा नकली फोन) उघडतो. तरीही मांडणी तपासणारी ‘फ्लटर डॉक्टर’ ही आज्ञा दिली की अँड्रॉइडच्या ओळीपुढे बरोबरच्या खुणेऐवजी उद्गारचिन्ह येते आणि त्याखाली दोन तक्रारी दिसतात. सीएमडीलाइन-टूल्स (कमांड-लाइन टूल्स, म्हणजे टर्मिनलमधून आज्ञा देऊन चालवायची अँड्रॉइडची साधने) हा घटक सापडत नाही, ही पहिली. परवाने स्वीकारले आहेत की नाहीत हे समजत नाही, ही दुसरी. दुसऱ्या तक्रारीवर तिथेच सुचवलेली ‘फ्लटर डॉक्टर --अँड्रॉइड-लायसन्सेस’ ही आज्ञा दिली, तर एसडीकेमॅनेजर (एसडीके, म्हणजे अँड्रॉइडच्या विकास-साधनांचा संच, सांभाळणारे साधन) सापडत नाही असे सांगून ती थांबते. म्हणजे दुसऱ्या तक्रारीचा उपाय पहिल्या तक्रारीपाशी अडतो आणि पहिलीचा उपाय मला ठाऊक नाही.

आतापर्यंत मी स्टुडिओ दोनदा काढून पुन्हा बसवला. घरी मोबाइलचाच डेटा वापरावा लागत असल्याने दोन्ही वेळा पूर्ण रात्र गेली. त्यानंतर अधिकृत संकेतस्थळावरून कमांड-लाइन टूल्सची झिप फाइल उतरवून ती एसडीकेच्या फोल्डरमध्ये उलगडली, तरीही डॉक्टरचे म्हणणे बदलले नाही. एका परिचितांनी लॅपटॉप पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करण्याचा सल्ला दिला आहे, परंतु त्यात माझ्या कामाच्या फाइली आहेत आणि तेवढी वेळ खरोखर आली आहे का, हे मला कळत नाही.

पलासियाकर (इंदूर)

ताई, लॅपटॉप मुळीच पुसू नका. मलाही हीच अडचण आली होती आणि ती पाच मिनिटांत सुटली होती. स्टुडिओमध्ये एसडीके मॅनेजर उघडून ‘एसडीके टूल्स’ या भागात जा, कालबाह्य घटक लपवण्याच्या चौकटीतील खूण काढा, आणि मग यादीत दिसणाऱ्या जुन्या ‘अँड्रॉइड एसडीके टूल्स’वर खूण करून ते बसवा. काही वर्षांपूर्वी मी हेच केले होते.

बडोदेकर (बडोदे)

वाचनालयासाठी ॲप होत आहे हे वाचून बडोद्याचा माणूस म्हणून विशेष आनंद झाला, कारण आमच्याकडचे मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीराव महाराजांनी १९१० साली उभे केले आणि त्याची सवय इथल्या कित्येक घरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता मूळ विषयाकडे येतो.

पलासियाकरांचा उपाय त्या काळी बरोबर होता, परंतु आज तो करू नये असे मी आग्रहाने सांगेन. एसडीकेमॅनेजर पूर्वी ‘टूल्स’ नावाच्या फोल्डरमधील ‘बिन’मध्ये असे. ते जुने साधन जावा ८ गृहीत धरून लिहिले गेले होते आणि जावाच्या ज्या एक्सएमएल-विषयक भागावर ते उभे होते, तो भाग जावा ११ मधून काढून टाकण्यात आला. त्यामुळे जुने टूल्स नव्या जावावर चालवले की अमुक क्लास सापडत नाही अशी लांबलचक त्रुटी येते. मग लोक त्या टूल्ससाठी जावा जुनी करतात, आणि जावा जुनी केली की ॲप बांधणारा ग्रेडल रुसतो. या फेऱ्यात मी माझे दोन रविवार घालवले आहेत.

आता आपल्या अडचणीविषयी. स्टुडिओ बसवताना आपण नेहमीची मांडणी निवडली, तर एसडीके, प्लॅटफॉर्म-टूल्स आणि एम्युलेटर येतात, परंतु कमांड-लाइन टूल्स त्यांच्याबरोबर येतीलच असे नाही. स्टुडिओला स्वतःच्या कामासाठी त्यांची गरज पडत नाही. फ्लटरला मात्र परवाने तपासण्यासाठी आणि स्वीकारण्यासाठी एसडीकेमॅनेजर लागतो. म्हणून स्टुडिओत सर्व काही सुरळीत दिसते आणि डॉक्टर तक्रार करीत राहतो. आपण स्टुडिओ दोनदा बसवलात, पण दोन्ही वेळा तीच मांडणी झाली असेल तर तोच घटक दोन्ही वेळा वगळला गेला. तिसऱ्यांदा बसवूनही तेच होईल.

झिप उलगडूनही उपयोग का झाला नाही, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. फ्लटर एसडीकेमॅनेजरला संपूर्ण डिस्कवर शोधत फिरत नाही. एसडीकेच्या फोल्डरमध्ये ‘सीएमडीलाइन-टूल्स’, त्याच्या आत ‘लेटेस्ट’ (किंवा आवृत्तीच्या क्रमांकाचे फोल्डर), त्याच्या आत ‘बिन’, आणि तिथे एसडीकेमॅनेजर, अशा ठरलेल्या पत्त्यावरच ते पाहते. झिपमध्ये मात्र ‘लेटेस्ट’ ही मधली पायरी नसते; तिच्यात ‘सीएमडीलाइन-टूल्स’च्या आत थेट ‘बिन’ आणि ‘लिब’ असतात. शिवाय विंडोजमध्ये झिपवर उजवी कळ दाबून ‘सर्व उलगडा’ म्हटले की झिपच्याच लांब नावाचे आणखी एक फोल्डर बाहेरून तयार होते. म्हणजे आपल्याकडे बहुधा एक पायरी नको तिथे वाढली आहे आणि एक हवी तिथे नाही. फाइल आपल्या लॅपटॉपवर आहे, फक्त ती ठरलेल्या पत्त्यावर नाही. या अवस्थेत कोणी एसडीकेमॅनेजर थेट चालवला, तर ‘एसडीकेचे मूळ स्थान ठरवता येत नाही’ अशी त्रुटी येते आणि त्याच ओळीत अपेक्षित पत्ताही लिहिलेला असतो. घाईत आपण ती ओळ शेवटपर्यंत वाचत नाही.

कृपया पुढील गोष्टी याच क्रमाने करा. प्रथम स्टुडिओमधील एसडीके मॅनेजरच्या खिडकीत वरच्या बाजूला दिसणारा एसडीकेचा पत्ता वहीत उतरवून घ्या. विंडोजवर तो साधारणपणे सी ड्राइव्ह, यूजर्स, आपले खाते, ॲपडेटा, लोकल, अँड्रॉइड, एसडीके असा असतो. यातील ॲपडेटा हे फोल्डर लपवलेले असल्याने फाइल एक्सप्लोररमध्ये सहज दिसत नाही. पत्त्यात कुठे रिकामी जागा आहे का, हेही पाहा. खात्याच्या नावात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये जागा असेल, तर डॉक्टर त्याबद्दलही इशारा देतो, कारण एनडीकेच्या (सी व सी++ कोडसाठीच्या अँड्रॉइडच्या संचाच्या) साधनांना ती जागा सोसत नाही. त्यानंतर आपण स्वतः उलगडलेले फोल्डर तिथून हलवून डेस्कटॉपवर ठेवा. मग स्टुडिओच्या ‘एसडीके टूल्स’ या भागात ‘अँड्रॉइड एसडीके कमांड-लाइन टूल्स (लेटेस्ट)’ या नावापुढे खूण करून ‘अप्लाय’ करा. स्टुडिओ ते योग्य पत्त्यावर स्वतःच ठेवतो आणि झिपची भानगड उरत नाही. शेवटी टर्मिनलच्या सर्व उघड्या खिडक्या बंद करून नवी उघडा आणि ‘फ्लटर डॉक्टर -व्ही’ ही आज्ञा द्या. त्या ‘व्ही’मुळे फ्लटर कोणता एसडीके आणि कोणता जावा वापरत आहे, हे पत्त्यासह छापले जाते. त्यात दिसणारा एसडीकेचा पत्ता आणि आपण वहीत उतरवलेला पत्ता एकच आहे का, हे अक्षर न्‌ अक्षर जुळवून पाहा. जुळत नसेल तर ‘फ्लटर कॉन्फिग --अँड्रॉइड-एसडीके’ या आज्ञेपुढे योग्य पत्ता देऊन तो एकदाच नोंदवता येतो.

पलासियाकर (इंदूर)

धन्यवाद बडोदेकर. जावाचा हा भाग मला ठाऊक नव्हता. माझ्या लॅपटॉपवर जुने टूल्स अजून पडून आहेत, ते आज काढून टाकतो. ताई, चुकीची वाट दाखवल्याबद्दल क्षमस्व.

राजेंद्रनगरी (इंदूर)

क्षमा कसली, आपण वेळ काढून उत्तर दिलेत हेच खूप आहे.

बडोदेकर दादा, आपण म्हणालात तसेच निघाले. माझ्या एसडीकेमध्ये झिपच्या नावाचे लांबलचक फोल्डर होते आणि त्याच्या आत ‘सीएमडीलाइन-टूल्स’ होते. ते बाहेर काढले, स्टुडिओतून घटक बसवला आणि पहिली तक्रार नाहीशी झाली. परवान्यांची आज्ञाही चालली. प्रत्येक परवाना वाचून ‘वाय’ दाबत गेले आणि दुसरी तक्रारही गेली.

तरीही एक गोष्ट मनाला खटकते. सहज पाहावे म्हणून मी एसडीकेमॅनेजर त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन थेट चालवला, तर त्याने चालण्यास नकार दिला. त्रुटीत असे म्हटले आहे की हा क्लास ६१.० या आवृत्तीच्या जावासाठी तयार केलेला आहे आणि माझा जावा ५२.० पर्यंतच ओळखतो. जे साधन पाच मिनिटांपूर्वी फ्लटरच्या हातून नीट चालले, तेच माझ्या हातून का चालत नाही?

बडोदेकर (बडोदे)

हा प्रश्न आपण विचारलात याचे मला मनापासून समाधान वाटते, कारण डॉक्टरच्या सर्व खुणा हिरव्या झाल्या की बहुतेक जण तिथेच थांबतात आणि तीन महिन्यांनी याच गोष्टीवर अडतात.

ते आकडे जावाच्या क्लास फाइलींच्या स्वरूपाचे आहेत. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११ आणि ६१ म्हणजे जावा १७. नव्या कमांड-लाइन टूल्सना जावा १७ लागतो. आपल्या लॅपटॉपवर कधीतरी जावा ८ बसवलेला आहे आणि जावा_होम नावाचा जो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (जावा कुठे आहे हे सांगणारी प्रणालीतील नोंद) असतो, तो बहुधा त्याच्याकडे बोट दाखवीत आहे. आपण एसडीकेमॅनेजर थेट चालवता तेव्हा तो प्रथम जावा_होम पाहतो, ते नसेल तर पाथमध्ये (आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) जो जावा सापडेल तो घेतो. फ्लटरचा क्रम वेगळा आहे. आपण जेडीके (जावाचा विकास-संच) स्वतः नोंदवला नसेल, तर तो आधी अँड्रॉइड स्टुडिओबरोबर आलेला जावा शोधतो, आणि एसडीकेमॅनेजरला हाक मारताना त्याच्यापुढे तोच जावा ठेवतो. साधन एकच होते, पण दोन्ही वेळा त्याच्या पाठीशी उभा असलेला जावा निराळा होता.

स्टुडिओचा हा जावा त्याच्या स्थापनेच्या फोल्डरमध्ये ‘जेबीआर’ या नावाने असतो. पूर्वी त्या फोल्डरचे नाव ‘जेआरई’ असे होते. ते बदलले तेव्हा जुन्या फ्लटरला तो सापडेनासा झाला आणि बरोबर आलेला जावा मिळत नाही अशी तक्रार सर्वत्र दिसू लागली. त्या वेळी अनेकांनी फोल्डरची नक्कल करून तिला जुने नाव दिले. तो उपाय अजूनही कुठेकुठे वाचायला मिळतो, परंतु फ्लटर अद्ययावत करणे हाच त्यावरचा खरा मार्ग होता आणि आज त्या नकलेची काहीच आवश्यकता नाही.

आता आपण काय करावे, हे आपल्याकडे जावा ८ कशासाठी आहे यावर अवलंबून आहे.

राजेंद्रनगरी (इंदूर)

लक्षात आले. कामाच्या ठिकाणी डिजिटल स्वाक्षरीसाठी एक जुनी प्रणाली वापरावी लागते आणि ती जावा ८ शिवाय उघडत नाही. काही वर्षांपूर्वी तिच्यासाठीच तो बसवून घेतला होता. तो काढणे मला शक्य नाही.

बडोदेकर (बडोदे)

मग तो काढू नका आणि जावा_होमलाही हात लावू नका. ज्या कामावर आपला उदरनिर्वाह चालतो, त्याची मांडणी रात्रीच्या शिक्षणासाठी बिघडू देणे योग्य नाही. जेव्हा एसडीकेमॅनेजर थेट चालवण्याची खरोखर गरज भासेल, तेव्हा त्या एका टर्मिनलच्या खिडकीपुरते जावा_होम स्टुडिओच्या ‘जेबीआर’ फोल्डरकडे वळवा. खिडकी बंद झाली की ते आपोआप पूर्ववत होते. एरवी घटक स्टुडिओच्या खिडकीतून बसवावेत आणि परवाने फ्लटरमार्फत स्वीकारावेत. आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

अँड्रॉइड_होम (एसडीकेचा पत्ता सांगणारा व्हेरिएबल) मात्र अवश्य नोंदवून ठेवा. जुन्या लेखांमध्ये अँड्रॉइड_एसडीके_रूट असे नाव दिसेल, ते आता मागे पडले आहे. दोन्ही नावे वेगवेगळ्या पत्त्यांकडे नेत असतील तर कोणते साधन कुठला एसडीके उचलेल याचा भरवसा राहत नाही, म्हणून एकच ठेवावे.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

धागा लक्षपूर्वक वाचत आहे. माझी अडचण याच जातीची वाटते, पण ती मॅकवर आहे. मॅकओएसची नवी आवृत्ती घेतल्यापासून कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधे ‘गिट’सुद्धा चालत नाही. ‘एक्सकोडरन’ची त्रुटी येते आणि सक्रिय डेव्हलपर-पत्ता अवैध आहे असे ती सांगते. वर सांगितल्याप्रमाणे स्टुडिओमधून कमांड-लाइन टूल्स पुन्हा बसवले, तरीही फरक पडला नाही.

बडोदेकर (बडोदे)

इथे नावाने घात केला आहे. अँड्रॉइडचे कमांड-लाइन टूल्स वेगळे आणि ॲपलचे वेगळे. नाव सारखे असले तरी त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मॅकवरील ‘गिट’, ‘क्लँग’, ‘मेक’ ही साधने ॲपलच्या संचातून येतात आणि मॅकओएसची मोठी आवृत्ती बदलली की तो संच कधीकधी नाहीसा होतो किंवा निकामी ठरतो. ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ ही आज्ञा दिल्यावर एक खिडकी उघडेल, तिच्यातून संच पुन्हा बसवा. गिट सुरू होण्यासाठी एवढे पुरेल.

परंतु आपल्याला आयफोनसाठी ॲप बांधायचे असेल तर हा छोटा संच पुरत नाही, कारण ‘एक्सकोडबिल्ड’ आणि सिम्युलेटर संपूर्ण एक्सकोडबरोबरच (ॲपलच्या ॲप बांधण्याच्या साधनाबरोबरच) येतात. एक्सकोड आधीच बसवलेला असूनही ‘एक्सकोडबिल्डला एक्सकोड हवा’ अशी त्रुटी आली, तर गोंधळून जाऊ नका. ‘एक्सकोड-सिलेक्ट -पी’ ही आज्ञा सध्याचा पत्ता छापते. तो छोट्या संचाकडे जात असेल, तर ‘सुडो एक्सकोड-सिलेक्ट --स्विच’ (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) या आज्ञेपुढे ॲप्लिकेशन्समधील एक्सकोडच्या आतील ‘कंटेन्ट्स’, ‘डेव्हलपर’ हा पत्ता द्या आणि नंतर ‘सुडो एक्सकोडबिल्ड -लायसन्स ॲक्सेप्ट’ने परवाना स्वीकारा. इथेही साधन मॅकवर असतेच, यंत्रणा त्याला दुसऱ्याच पत्त्यावर शोधत असते.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

पत्ता छोट्या संचाचाच निघाला. गिट लगेच सुरू झाले आणि पत्ता वळवल्यानंतर एक्सकोडबिल्डही बोलू लागले. मनःपूर्वक आभार.

अभियांत्रिकी_विद्यार्थी (इंदूर)

सर, आमच्या प्रयोगशाळेत उबुंटू आहे. तिथे स्टुडिओ नाही, फक्त टर्मिनल आहे, त्यामुळे झिप उलगडण्याशिवाय मार्ग नव्हता. ‘लेटेस्ट’ची पायरी मी तयार केली. पण घटक बसवण्याची आज्ञा दिली की आधी पॅकेज सापडत नाही असा इशारा येतो आणि मग ‘लेटेस्ट: कमांड नॉट फाउंड’ असे दिसते. सुडो लावूनही तेच झाले.

बडोदेकर (बडोदे)

पॅकेजच्या नावात मध्ये अर्धविराम आहे, ‘सीएमडीलाइन-टूल्स;लेटेस्ट’ असा. बॅश या टर्मिनलमधील आज्ञा-वाचकाच्या दृष्टीने अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपून दुसरी सुरू होणे. म्हणून त्याने आपल्या ओळीचे दोन तुकडे केले आणि ‘लेटेस्ट’ ही स्वतंत्र आज्ञा समजून ती शोधली. संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत घाला. प्लॅटफॉर्म आणि बिल्ड-टूल्स यांच्या नावांतही अर्धविराम असतात, तिथेही हेच करा.

सुडोबद्दल मात्र कळकळीने सांगतो की एसडीके आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवा आणि सुडो लावू नका. सुडोने उतरवलेल्या फाइलींची मालकी रूटकडे (प्रशासकाच्या खात्याकडे) जाते आणि पुढे ग्रेडल आपल्या खात्यातून चालताना त्याला त्या फोल्डरमध्ये नवीन काही बसवता येत नाही. मग बिल्ड परवानगीअभावी थांबते आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. आधीच सुडो लावले असल्यास ‘चोन’ने मालकी परत घ्या. स्वीकारलेले परवाने एसडीकेतील ‘लायसन्सेस’ या फोल्डरमध्ये साठवले जातात, त्यामुळे प्रयोगशाळेतील दुसऱ्या संगणकावर नवा एसडीके उभा केलात तर तिथे ते पुन्हा स्वीकारावे लागतील, हेही ध्यानात असू द्या.

अभियांत्रिकी_विद्यार्थी (इंदूर)

अवतरणचिन्हे घालताच घटक बसले. मालकीही दुरुस्त केली. धन्यवाद सर.

राजेंद्रनगरी (इंदूर)

पंधरा दिवसांनी परत आले आहे. काल स्टुडिओने कमांड-लाइन टूल्सची नवी आवृत्ती उपलब्ध असल्याचे सांगितले आणि मी होकार दिला. आता ‘लेटेस्ट’च्या शेजारी ‘लेटेस्ट-२’ नावाचे फोल्डर तयार झाले आहे, आणि घटक अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी आढळला असा पिवळा इशारा प्रत्येक वेळी येतो. या वेळी काहीही न काढता आधी विचारत आहे.

बडोदेकर (बडोदे)

जुने फोल्डर एखादा प्रोग्रॅम वापरत असताना विंडोज ते बदलू देत नाही आणि मग नवी प्रत शेजारी मांडली जाते. त्या वेळी एखाद्या टर्मिनलमध्ये आपण ‘लेटेस्ट’च्या आत उभ्या होतात का? तसे असल्यास स्टुडिओ, टर्मिनल, एम्युलेटर सर्व बंद करा, ‘लेटेस्ट’चे नाव बदलून ‘जुने’ करा आणि ‘लेटेस्ट-२’ला ‘लेटेस्ट’ हे नाव द्या. डॉक्टरने होकार दिला की मगच ‘जुने’ हे फोल्डर सीएमडीलाइन-टूल्सच्या बाहेर काढून पुसा.

राजेंद्रनगरी (इंदूर)

होय, आज्ञा देण्यासाठी उघडलेली एक खिडकी दिवसभर तशीच राहिली होती. नावे बदलली, इशारा गेला आणि ‘जुने’ही पुसले. डॉक्टरच्या सर्व ओळींपुढे बरोबरच्या खुणा आहेत. आज संध्याकाळी वाचनालयात जाऊन ग्रंथपाल काकूंच्या फोनवर ॲप चढवले. त्यांनी पहिलाच शोध दिवाळी अंकांचा घेतला, आणि यादीत दिवाळी अंक भरायचे माझ्याकडून राहून गेले होते. आता ते भरायला बसते.